'समवेअर इन टाइम' आणि आईचा प्रश्न : ते घड्याळ मुळात आलं कुठून?

उशिराची_गाडी

परवा रविवारी दिवसभर पाऊस. सिंहगडाचा बेत बारगळला, भज्यांचं पीठ भिजलेलं होतं, आणि आई म्हणाली, "काहीतरी लाव, पण मारामारी नको." म्हणून 'समवेअर इन टाइम' लावला. सिनेमा १९८० चा आहे, तेव्हा शेवट फोडला म्हणून कुणी गळा काढू नये.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी. १९७२. रिचर्ड कॉलियर नावाच्या कॉलेजातल्या पोराच्या नाटकाचा पहिला प्रयोग झालाय, मागे पार्टी चालू आहे. गर्दीतून एक म्हातारी येते, त्याच्या हातात सोन्याचं खिशातलं घड्याळ ठेवते, "परत ये माझ्याकडे" एवढंच म्हणते आणि निघून जाते. आठ वर्षांनी हा शिकागोत नाटककार झालाय, लिखाण अडलंय, म्हणून गाडी काढून सुटतो आणि एका जुन्या हॉटेलात उतरतो. तिथे एका नटीचा जुना फोटो. एलिस मकेना. बघतच राहतो. मग कळतं, ती म्हातारी हीच, आणि घड्याळ दिलं त्याच रात्री ती गेली.

आता हा तिच्याकडे जाणार, १९१२ सालात. यंत्र नाही, वीज कडाडत नाही, धूर नाही. जुन्या पद्धतीचा सूट घालतो, त्या काळची नाणी आणि तेच घड्याळ खिशात टाकतो, खोलीतल्या नव्या वस्तू नजरेआड करतो आणि पलंगावर पडून स्वतःलाच पटवत बसतो की आज १९१२ आहे. पहिल्या खेपेला जमत नाही. मग हॉटेलच्या माळ्यावर १९१२ ची नोंदवही सापडते आणि तिच्यात स्वतःची सही! म्हणजे आपण गेलो होतो. म्हणजे जाणार. मला अख्ख्या सिनेमात ही जागा सगळ्यात आवडली. माणसाला स्वतःवर विश्वास बसायला स्वतःचीच सही लागते.

पुढे भेट होते, प्रेम जमतं, आणि ऐन सुखात सुटाच्या खिशातून १९७९ सालचा एक पैसा निघतो. तो बघितल्याबरोबर हा खेचला जातो तो थेट १९८० मध्ये. घड्याळ तिच्याजवळ राहतं.

मी डोळे पुसत होते. आईसुद्धा. आणि पदर खाली करून ती म्हणाली, "ते सगळं ठीक. पण घड्याळ आलं कुठून? याला तिनं दिलं, तिला यानं दिलं. विकत कुणी घेतलं? पावती कुणाच्या नावाची?"

मी म्हटलं, आई, फँटसी आहे. तर म्हणे, "फँटसी असली म्हणून काय झालं, घड्याळ बाजारातूनच येतं ना?"

दोन दिवस झाले, माझं रडणं राहिलं बाजूला आणि ही पावती डोक्यात बसलीये. जाणकारांनी उजेड पाडावा.

बटाटावडा_नववा

काकूंना साष्टांग. इंग्रजी प्रेमकथेत पावती मागणारी बाई फक्त नारायण पेठेतच जन्माला येऊ शकते.

उशिराची_गाडी

माहेर नारायण पेठच. कसं ओळखलंत?

वेधशाळा

काकूंचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, भौतिकशास्त्रवाले यावर गंभीरपणे डोकं घालतात. १९४९ साली कुर्ट गोडेल या गणितज्ञाने आइनस्टाइनच्या समीकरणांचं एक उत्तर मांडलं. त्यात असे मार्ग निघतात की पुढे पुढे जात माणूस आपल्याच भूतकाळात येऊन पोचेल. आपलं विश्व तसं नाही, पण गणित तसं म्हणतं. पुढे नोव्हिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने म्हटलं, असे फेरे असलेच तर त्यातल्या घटना एकमेकींशी जुळणाऱ्याच असणार. झालं ते बदलता येत नाही. या हिशेबात नोंदवहीतली सही चोख बसते. सही होती म्हणून तो गेला, गेला म्हणून सही झाली.

घड्याळाची गोष्ट निराळी, कारण ती वस्तू आहे आणि वस्तू झिजते. हिशेब करा. १९१२ ते १९७२ तिच्याजवळ, म्हणजे ६० वर्षं. १९७२ ते १९८० याच्याजवळ, ८ वर्षं. एकूण ६८. म्हणजे १९१२ ला पोचतं तेव्हा घड्याळ ६८ वर्षं वापरलेलं असायला हवं. पण तेच घड्याळ तिथून पुन्हा निघणार असेल तर निघताना आणि पोचताना अणुरेणूंसकट एकसारखं पाहिजे. ६८ वर्षांत झीज शून्य! सही चालते, घड्याळ चालत नाही.

पेठकरी

१) १९७९ चा 'पैसा' नव्हे, सेंट. अमेरिकेत पैसे नसतात. (असतात, पण वेगळ्या अर्थाने.)

२) खिशात नाणं राहिलं यात त्या गड्याचाच दोष. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे जाऊन नाणी पारखायला शिकायला हवं होतं. आपल्याकडून कुणी १९१२ सालच्या पुण्यात जायचं म्हणत असेल तर आधीच सांगतो, पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया नेऊ नका. त्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका बारीक कोरला होता की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान भडकले. सरकारला नाणी मागे घ्यावी लागली आणि १९१२ साली हत्ती नीट काढून नवी पाडावी लागली. डुक्कर-रुपया घेऊन दुकानात गेलात तर प्रेम राहील बाजूला.

३) आणि मुख्य. हे कथानक १९१२ च्या पुण्यात आणाच. गडी नटीचा फोटो बघून वेडा होणार, बरोबर? त्या सुमाराला पुण्यात कुठल्या नायिकेचा फोटो भिंतीवर असेल? 'मानापमान' १९११ ला आलेलं. किर्लोस्कर नाटक मंडळीची भामिनी. हा कपडे बदलून, नाणी पारखून, डोळे मिटून, जिवाच्या आकांताने भामिनीला भेटायला पोचणार, आणि रंगपटाचं दार उघडून समोर कोण? नारायण श्रीपाद राजहंस. बालगंधर्व!

बटाटावडा_नववा

🤣🤣 हा सिनेमा मी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला बघेन.

रेवा

पेठकरी, हसून हसून पुरेवाट. पण मुद्दा क्र. ३ मध्ये खरंच सिनेमा आहे. तो परत येईलच असं का धरता? तेव्हाची अर्धी पुण्या-मुंबईची दुनिया त्या भामिनीवर लट्टू होती, ती काय माहीत नव्हतं म्हणून?

जाता जाता, मला एक वेगळंच विचारायचंय. तिनं ६० वर्षं वाट बघायची. तरुणपणीच रंगभूमी सोडायची, झुरायचं, म्हातारपणी येऊन घड्याळ परत करायचं. आणि हा? परत आल्यावर खोलीत बसून अन्नपाणी सोडतो आणि मरतो. वर दोघं पांढऱ्या उजेडात भेटतात. म्हणजे बुवाचा विरह आठवडाभराचा, बाईचा साठ वर्षांचा. आणि पोस्टरवर मात्र वेळेच्या पलीकडे गेलेला तो!

वेधशाळा

काळाच्या बाबतीत तिनं शॉर्टकट घेतला नाही. ती साधी, एकेक दिवस करत १९७२ पर्यंत आली. तशी तीही कालप्रवासीच, फक्त पॅसेंजर गाडीने.

रेवा

हे छान म्हणालात. (धागाकर्तीच्या नावाला साजेसं.)

मंद्रसप्तक

इथे कुणी संगीताबद्दल बोलेना, म्हणून येतो. संगीत जॉन बॅरीचं, पण प्रेमाची म्हणून जी धून वाजते ती रखमानिनोव्हची, पॅगानिनीच्या एका चालीवर बांधलेल्या रचनेतली अठरावी आवृत्ती (व्हेरिएशन). ती ऐकून कुणाला पॅगानिनीची मूळ चाल ओळखता येत नाही, कारण रखमानिनोव्हने ती चक्क उलटी केलीय. मुळात स्वर जिथे चढतो तिथे उतरवलाय, उतरतो तिथे चढवलाय. आरसा धरावा तसं. मूळ चाल टोचरी, घाईची. उलटी केल्यावर ती अशी होते की माणूस खुर्चीत मागे टेकतो. आपल्याकडे आरोहाचा अवरोह करून कुणी राग बांधला तर गुरुजी काय म्हणतील ते सोडा.

आता मजा बघा. ही रचना १९३४ ची. सिनेमात नावेतून जाताना रिचर्ड ती गुणगुणतो. एलिस विचारते हे काय, तो रखमानिनोव्हचं नाव सांगतो. ती म्हणते, त्यांचं संगीत मला आवडतं, पण हे कधी ऐकलं नाही. कसं ऐकणार बाई? लिहायला अजून २२ वर्षं आहेत!

सिनेमात त्याच्या बरंच आधी तिच्या मागे राहिलेल्या वस्तूंत एक संगीतपेटी दाखवतात, तीच धून वाजवणारी. नावेच्या दृश्यापाशी मी सिनेमा थांबवला होता. कारण या दोन दृश्यांच्या मधलं दृश्य त्यांनी दाखवलंच नाही, ते मला दिसलं. विचार करा. १९१२ मध्ये एक माणूस आला, चार दिवसांत नाहीसा झाला. लोक म्हणाले असतील, भामटा होता. तिलाही कधीतरी वाटलं असेल. वर्षं गेली. आणि १९३४ नंतर केव्हातरी, कुठल्याशा सभागृहात किंवा रेडिओवर, नव्याकोऱ्या रचनेची अठरावी आवृत्ती सुरू होते, आणि मध्यमवयाची ही बाई जागच्या जागी ताठ होते. हे मी ऐकलंय. २२ वर्षांपूर्वी, नावेत.

त्या क्षणी तिला कळलं असणार तो कुठून आला होता. फोटो, सही, घड्याळ यांतलं काहीही नसतं तरी चाललं असतं.

उशिराची_गाडी

मंद्रसप्तक, हे वाचून पुन्हा रडले. ऑफिसात.

वेधशाळा

आणि यात विरोधाभासही नाही. धून रखमानिनोव्हने स्वतःच रचली, तिच्याकडून ऐकून नव्हे. स्वर झिजत नाहीत. काकूंना सांगा, धुनेची पावती सापडली.

पेठकरी

अवांतर : १९३४ सालीच आपल्याकडे प्रभात टॉकीज सुरू झालं.

बटाटावडा_नववा

पेठकरी, आता 'म्हणजे एलिस प्रभातला येऊन गेली' म्हणू नका.

पेठकरी

म्हणालो नाही. सुचवलं.

रेवा

मला नेहमी वाटतं आपल्याकडे असे सिनेमे होत नाहीत याचं कारण आपल्याला मागे जायची गरजच पडत नाही. प्रेम अर्धवट राहिलं? ठीक, पुढच्या जन्मी. 'मधुमती' १९५८ ची. वादळी रात्र, पडकी हवेली, भिंतीवरचं चित्र, आणि गड्याला आठवतं की हे चित्र आपणच काढलं होतं. फोटो, जुनी इमारत, ओळखीची हुरहुर, सगळा माल तोच. पण अमेरिकन माणूस सूट घालून भूतकाळात जातो, आपला माणूस जागचा हलत नाही, भूतकाळच त्याला गाठायला येतो. आणि घड्याळाची भानगड उरत नाही, कारण जन्म बदलताना वस्तू बरोबर नेता येत नाहीत. फक्त ओढ येते. काकूंचं समाधान आपल्याच पद्धतीत आहे.

पण अगदीच कालप्रवास नाही असंही नाही. रेवतीची गोष्ट आठवा (माझं नाव तिच्यावरूनच). ककुद्मी राजा मुलीला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला, हिच्यासाठी वर सुचवा म्हणून. तिथे गाणं चालू होतं, संपेपर्यंत थांबला. मग यादी पुढे केली तर ब्रह्मदेव हसला. म्हणाला, यांतला एकही आता नाही, त्यांची पोरंनातवंडंही नाहीत, खाली २७ चतुर्युगं उलटून गेली. जा, बलराम आहे, त्याला दे. ती खाली आली तर जुन्या युगातली म्हणून ताडमाड उंच. बलरामाने नांगर टेकवून तिला बेताची केली म्हणे. ते सोडा. पण एक गाणं ऐकेपर्यंत सगळं ओळखीचं जग संपलेली ती मुलगी, तिला कुणी विचारलं का काय वाटतंय?

वेधशाळा

हा पुढे जायचा प्रवास, आणि तो शास्त्रात बसतो. गुरुत्व जबर असलेल्या जागी किंवा फार वेगात घड्याळं हळू चालतात. ब्रह्मलोकात मैफल ऐकून खाली यावं तसंच.

नदीकाठची

नेहमी वाचनमात्र असते, आज राहवत नाही. कोरियन 'इल मारे' (२०००) आणि त्यावरून केलेला 'द लेक हाउस' (२००६) पाहिलाय का? घर एक, पत्रपेटी एक, आणि दोघांमध्ये दोन वर्षं. पत्रं इकडची तिकडे जातात. प्रवास माणसांचा नाही, कागदाचा.

माझ्या डोक्यात याची पुण्याची कथा कधीची आहे. शनिवार पेठेतला वाडा पाडायला काढलाय. आर्किटेक्ट मुलगा मोजमापं घ्यायला येतो. ओसरीवरच्या कोनाड्यात त्याला चिठ्ठी सापडते, शाई ओली. "इथे ठेवलेली माझी वही कुणी घेतली?" तो गंमत म्हणून उत्तर ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्यावर उत्तर. तिच्याकडे जून १९६१ आहे.

पुढचं पुणेकरांना सांगायला नको.

पेठकरी

१२ जुलै.

नदीकाठची

हो. १२ जुलै, पानशेतचा पूर. त्याला तारीख माहीत आहे, तिला नाही. आणि तो जे लिहील त्यावर तिनं का विश्वास ठेवावा? माझी आजी सांगायची, धरण फुटलं म्हणून लोक ओरडत आले तरी शेजारच्या काकांनी आमटीला फोडणी घालून घ्या म्हटलं होतं. मी इथेच अडकते. त्याने असं काय लिहावं की तिला पटेल?

बटाटावडा_नववा

खिशात नवे पैसे ठेवायला विसरू नका म्हणावं. १९५७ ला दशमान आलंय.

(दिवा घ्या, म्हणजे गमतीत घ्या. खरं तर काटा आला वाचून.)

मंद्रसप्तक

नदीकाठची, तिला १९६१ मध्ये अजून न बांधलेलं गाणं पाठवा. नोटेशन लिहून.

रेवा

गाणं यायला वर्षं लागतील, पूर महिन्यावर आलाय. मंद्रसप्तक, तुमची एलिस २२ वर्षं थांबू शकली. हिला वेळ नाही.

घड्याळजी

नमस्कार. आमचं शनिपारजवळ घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान, वडिलांपासूनचं. मुलीने हा धागा दाखवला. सिनेमा काल रात्री पाहिला. प्रेमाबद्दल मला फार कळत नाही, घड्याळाबद्दल बोलतो.

वेधशाळा म्हणतात झीज शून्य हवी. झिजेचं एक वेळ सांभाळता येईल. तेल सुकून चिकट होतं, पेट्रोलमध्ये धुऊन नवं देता येतं. मेनस्प्रिंग बदलता येते. काच बदलता येते. पण एक गोष्ट तुमच्यापैकी कुणाच्या ध्यानात येणार नाही. आम्ही घड्याळ उघडलं की मागच्या झाकणाला आतून बारीक खूण ओरखडतो. तारीख, नाहीतर आपलं काही चिन्ह. पुढे तेच घड्याळ परत आलं तर कधी केलं ते कळावं म्हणून. जगभर कारागीर करतात. जुन्या खिशातल्या घड्याळाचं झाकण उघडा, आत चार-पाच जणांच्या खुणा असतात, एकमेकांना कधी न भेटलेल्या.

आता या घड्याळात ६८ वर्षांत एकदा जरी कारागिराने खूण केली, तर ते १९१२ ला पोचताना खूण घेऊनच पोचणार. मग पुढच्या वेळी कारागीर उघडणार, तर त्याला आपलीच खूण आधी दिसणार, जी त्याने अजून केलेलीच नाही. ओरखडा तेलासारखा बदलता येत नाही. म्हणजे निष्कर्ष एकच. ते घड्याळ ६८ वर्षांत कुणी उघडलंच नाही. बाईने दुरुस्तीला टाकलं नाही, मुलानेही नाही. न उघडलेलं घड्याळ इतकी वर्षं चालत नाही. ती बंद घड्याळच सांभाळत बसली असणार.

आता नदीकाठचींसाठी. वडील १९६१ साली त्याच दुकानात शिकाऊ होते. पूर ओसरल्यावर घड्याळांचा ढीग आला. भिंतीवरची, टेबलावरची, मनगटी. सगळ्यांत गाळ. चिमट्याने एकेक चक्र काढून पेट्रोलच्या वाटीत टाकायचं, ब्रशने घासायचं, पुन्हा बसवायचं. महिनाभर हाताचा वास गेला नाही म्हणायचे.

त्यात एक गृहस्थ लेडीज घड्याळ घेऊन आले. म्हणाले, गाळ काढा, तेल द्या, पण चालू करू नका. काटे आहेत तिथेच ठेवा. वडील शिकाऊ, ते मालकाकडे बघायला लागले. मालक म्हणाले, सांगतात तसं कर. ते गृहस्थ पुढे दर चार-पाच वर्षांनी यायचे. तेच घड्याळ, तेच सांगणं. चालवायचं नाही, पण गंजूही द्यायचं नाही. कुणाचं ते वडिलांनी कधी विचारलं नाही. झाकणाच्या आत वडिलांच्या खुणा आहेत, आठ. शेवटची १९९८ ची.

नदीकाठची

...

मी यावर काय लिहू?

रेवा

आहेत म्हणालात. म्हणजे घड्याळ तुमच्याकडे आहे?

घड्याळजी

हो. १९९८ ला टाकलं, न्यायला आले नाहीत. वडील २००९ ला गेले. त्यानंतरच्या खुणा माझ्या, तीन झाल्या. काटे हलवलेले नाहीत.

पेठकरी

मी यावर शुद्धलेखन काढणार नाही.

बटाटावडा_नववा

धागा वाचनखुणेत टाकला. भजी गार झाली.

उशिराची_गाडी

घड्याळजी, रात्री आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. पुराच्या वेळी ती दुसरीत होती, नारायण पेठेतलं घर आढ्यापर्यंत पाण्यात होतं. मग विचारलं, "पावती आहे का त्यांच्याकडे?"

घड्याळजी

आहे. आमच्याकडची अर्धी. नावाच्या जागी वडिलांनी नुसतं 'काटे हलवू नयेत' लिहिलंय.

उशिराची_गाडी

सांगितलं आईला. म्हणाली, "मग दुसरी अर्धी कुणाकडे तरी असेल. ठेवा म्हणावं."